बारा दिवसांचा पाहुणचार

निघताना धाकट्या भावाने माझ्या हाती दोन गोष्टी ठेवल्या. एक मेतकुटाचा डबा आणि दुसरी एक कामगिरी. "दादा, तिला जरा समजावून सांग. आता पुरे म्हणावं. परत ये." ती म्हणजे माझी पुतणी. दक्षिण कोरियातल्या देजॉन नावाच्या शहरात ती सहा वर्षे आहे. आधी डॉक्टरेट केली, आता त्याच शहरात संशोधनाची कराराची नोकरी करते. वय तिशीला टेकलेले. बँकेत पस्तीसएक वर्षे काढलेल्या, त्यातली निम्मी थकबाकीदारांच्या दारात उभे राहण्यात घालवलेल्या माणसाला एवढी एक वसुली जमायला हरकत नाही, असा भावाचा हिशेब असावा.

मी पोहोचलो तो दिवस होता ३ ऑक्टोबर २०२५. चुसॉकची सुटी त्याच दिवशी सुरू झाली होती. चुसॉक म्हणजे कोरियन लोकांचा सुगीचा सण. पितरांची पूजा, नव्या तांदळाचे पदार्थ आणि काही झाले तरी आपापल्या गावी जायचे. सेऊलच्या स्टेशनावर ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात रेशमी फडक्यात बांधलेली भेटीची खोकी. पुतणीने गाडीची तिकिटे महिनाभर आधी धडपडून मिळवली होती, म्हणून आम्ही बसून तरी गेलो. गणपतीला कोकणात जाणारी गाडी ज्याने ठाण्याला पकडली आहे त्याला हे दृश्य समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच, की ही गाडी तासाभरात पोहोचली आणि कोणी कोणाच्या पायावर ट्रंक ठेवली नाही.

"काका, आता आठ दिवस देजॉन भरलेलं दिसेल तुम्हाला," पुतणी म्हणाली. "फसू नका. हे पाहुणे आहेत."

देजॉन ज्या मुलखात आहे त्याचे नाव चुंगचॉंग. चुंगजू आणि चॉंगजू या दोन जुन्या शहरांची आद्याक्षरे जोडून ते झाले आहे. देशाच्या पोटातला हा भाग. इथली माणसे हळू बोलतात आणि होय की नाही ते पटकन सांगत नाहीत, अशी बाकीच्या कोरियात त्यांची थट्टा चालते. तर हा हळू बोलणारा मुलूख २०२७ साली १ ते १२ ऑगस्ट या काळात जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा भरवणार आहे. अठरा खेळ, आणि जगभरच्या विद्यापीठांतून येणारे हजारो खेळाडू. यजमान एक शहर नाही, चार सरकारे आहेत: देजॉन महानगर, सेजोंग शहर, उत्तर चुंगचॉंग आणि दक्षिण चुंगचॉंग हे दोन प्रांत. या चौघांनी १२ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रुसेल्समध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनाला मागे टाकून हा मान मिळवला. (नॉर्थ कॅरोलिनाला मग २०२९ ची स्पर्धा मिळाली.)

या स्पर्धांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाच्या कानावर नसते. १९५९ साली इटलीत तुरिनला त्या सुरू झाल्या आणि पुढे बरीच वर्षे 'युनिव्हर्सिआड' म्हणून ओळखल्या गेल्या. पंचविशीच्या आतले, विद्यापीठात शिकणारे किंवा नुकतेच शिकून बाहेर पडलेले खेळाडू त्यात उतरतात. २०१९ मध्ये नेपल्सला द्युती चंदने शंभर मीटर जिंकली ती याच स्पर्धेत. २०२३ मध्ये चीनच्या चेंगदूला भारताने ११ सुवर्णांसह २६ पदके मिळवली. २०२५ च्या जुलैत जर्मनीच्या ऱ्हाइन-रुहर भागात आपल्याला बारा मिळाली. त्यात तिरंदाजीतले एक वैयक्तिक सुवर्ण आपल्या सातारा जिल्ह्यातल्या साहिल जाधवचे. त्याच जर्मनीत आपल्या बॅडमिंटन संघाचे काय झाले तेही सांगायला हवे. बारा मुले गेली, बैठकीत नावे गेली सहांचीच, आणि उरलेली सहा मुले एवढा प्रवास करून प्रेक्षकांत बसली. संघाला कांस्यपदक मिळाले. त्या सहा जणांना कोणी काय उत्तर दिले असेल, हा विचार माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही. फॉर्मवरचा एक रकाना चुकला की माणसाचे काय होते ते बँकेत बसलेल्यांना ठाऊक असते.

पुतणीला या स्पर्धांत स्वयंसेवक व्हायचे आहे. तिचा करार मात्र २०२७ च्या जूनमध्ये संपतो. स्पर्धा ऑगस्टात. हे तिने मला पहिल्याच संध्याकाळी, मेतकूट-भात खाताना सांगितले. माझ्या कामगिरीची तिला कल्पना असणार, म्हणून ती ऑगस्टचा विषय आधीच मांडून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी तिने मला गापचॉन नदीकाठी नेले. तिथे एक मनोरा आहे, हनबित नावाचा. १९९३ साली या शहरात जागतिक प्रदर्शन भरले होते, ७ ऑगस्ट ते ७ नोव्हेंबर. मोजून त्र्याण्णव दिवस, मनोऱ्याची उंचीही त्र्याण्णव मीटर. असल्या योगायोगांची सरकारी खात्यांना जगभर आवड दिसते. एक कोटी चाळीस लाख लोकांनी ते प्रदर्शन पाहिले. मग मंडप उठले. पुढची कित्येक वर्षे ती जागा करमणुकीचे उद्यान म्हणून कशीबशी तगून होती. आता तिथे मूलभूत विज्ञानाची मोठी संशोधन संस्था आहे, आणि एक उत्तुंग मॉल. प्रदर्शनाचा शुभंकर होता कुम्दोरी, म्हणजे स्वप्नातला बाळ्या म्हणा हवे तर. पिवळा, गोंडस, डोक्यावर तारा. तो मधल्या काळात अडगळीत पडला होता. अलीकडे शहराने त्याला पुन्हा बाहेर काढले, त्याला बायकामुले दिली, आणि आज त्याची चित्रे असलेल्या वस्तू पोरे रांगा लावून घेतात. जत्रेनंतर काय टिकेल याचा अंदाज जत्रा भरवणाऱ्यांना नसतो. इमारतींनी मार खाल्ला आणि बाहुला तरला.

मनोऱ्याखाली बसून मी पुतणीला बाणेरची गोष्ट सांगितली. ती तेव्हा शाळेत होती.

बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी. त्या वेळी तिथे शेते होती आणि आम्ही दोघे भाऊ स्कूटरवरून धुरळा खात धावण्याच्या शर्यती पाहायला गेलो होतो. २००८ मध्ये त्याच संकुलात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, १२ ते १८ ऑक्टोबर. सगळे पुणे खणलेले होते. मी तेव्हा त्या बाजूच्या एका शाखेत मॅनेजर. एक तरुण आला. बापाची जमीन होती, थोडी विकलेली, थोडी उरलेली. त्याला चार मिनीबस घ्यायच्या होत्या. स्पर्धांच्या वाहतुकीचे पोटकंत्राट मिळत होते. मुलगा चुणचुणीत, तारण चोख, सर्च रिपोर्ट स्वच्छ. कर्जप्रस्तावात 'परतफेडीचा स्रोत' म्हणून रकाना असतो. तो मी माझ्या हाताने भरला: स्पर्धांची वाहतूक व तदनंतर आयटी कंपन्यांची ने-आण. ते 'तदनंतर' लिहिताना माझा हात अडखळला नाही, हे मी आज कबूल करतो.

स्पर्धा झक्क झाल्या. बस सात दिवस पळाल्या. पण त्याच शरदात अमेरिकेत बँका कोसळल्या होत्या, आणि हिंजवडीतल्या कंपन्यांनी पहिली काटछाट केली ती गाड्यांवर. दिवाळीला चारही बस त्याच्या घरासमोर उभ्या. मार्चनंतर खाते थकीत झाले, त्यापुढच्या वर्षी त्याने राहिलेल्यातला एक तुकडा विकून पैसे भरले. शेवटचा भरणा करायला त्याची आई आली होती. पावती नीट घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "साहेब, पाव्हणं जेवून गेलं. भांडी आम्ही घासली." राग नव्हता तिच्या आवाजात. मी चहा मागवला, तो तिने घेतला.

बालेवाडीचे मैदान वाया गेले असे मी म्हणणार नाही. तिथे पुढे फुटबॉलचे सामने झाले, टेनिसच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या, मुले अजून पोहायला शिकतात. त्या सुमारास बांधलेला विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मात्र २०२० मध्ये पाडून टाकला, मेट्रोच्या आणि नव्या पुलाच्या वाटेत येत होता म्हणून. एवढ्या लवकर निर्लेखित झालेली मत्ता मी नोकरीतही क्वचितच पाहिली.

"मग इथे परतफेडीचा स्रोत काय?" पुतणीने विचारले. संशोधक मुलगी. प्रश्न नेमका तिथेच.

चुंगचॉंगच्या बाजूने बोलायचे तर मंडळींनी जुन्या चुका पाहिल्या आहेत. या देशाने स्वतःच पुष्कळ केल्या. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी प्यॉंगचांगला बांधलेले उद्घाटनाचे स्टेडियम कार्यक्रम झाल्यावर उतरवूनच टाकावे लागले, अर्थात ते ठरवूनच बांधले होते. उलट ग्वांगजू शहराने २०१५ मध्ये हीच विद्यापीठ स्पर्धा भरवताना क्रीडानगरीसाठी मोडकळीला आलेली एक जुनी वसाहत पाडून नवी बांधली. आधी तिथे खेळाडू राहिले, मग घरमालक. हा व्यवहार मला आवडला. चुंगचॉंगचाही भर असलेल्या मैदानांवर आहे. आणि एका शहराच्या गळ्यात सगळे घालायचे नाही ही रीत जर्मनीतही दिसली. २०२५ च्या स्पर्धा बोखुम, डुइसबुर्ग, एसेन, हागेन, म्युलहाइम अशा खाणींच्या आणि पोलादाच्या शहरांत वाटून दिल्या होत्या, काही खेळ तर थेट बर्लिनला. ड्युसेलडॉर्फने खर्च बघून आधीच अंग काढून घेतले होते. डुइसबुर्ग मात्र जुना खेळाडू. १९८९ साली ब्राझीलच्या साओ पाउलोने ऐनवेळी नकार दिला तेव्हा याच शहराने चारच खेळांवर का होईना, स्पर्धा पार पाडली होती. अडचणीतल्या नातेवाइकाच्या मुलीचे लग्न आपल्या अंगणात लावून देणारी माणसे असतात, तशी शहरेही असतात.

पण चौघांचे एकत्र घर चालवणे सोपे नाही, आणि धास्ती वेगळीच आहे. ती शेजारच्या प्रांतात घडली. २०२३ साली उत्तर जॉला प्रांतात सेमांगम नावाच्या, समुद्र हटवून केलेल्या सपाट जमिनीवर जागतिक स्काउट मेळावा भरला. तारखा १ ते १२ ऑगस्ट. हो, त्याच. सुमारे ४३ हजार मुले तंबूंत उतरली. झाड नाही, सावली नाही, वर ऑगस्टचे ऊन. मुले उन्हाने आजारी पडू लागली, संडासांची तक्रार जगभर गेली, इंग्लंड-अमेरिकेची पथके छावणी सोडून निघून गेली आणि शेवटी वादळ येणार म्हणून ८ ऑगस्टला सगळा मेळावाच गुंडाळून मुलांना आठ शहरा-प्रांतांत हलवावे लागले. त्यांतली चार नावे पाहा: देजॉन, सेजोंग, उत्तर चुंगचॉंग, दक्षिण चुंगचॉंग. यजमानपणाची तालीम त्यांच्यावर चार वर्षे आधी अशी येऊन आदळली.

त्यातली एक हकीकत पुतणीने मला सांगितली. दक्षिण चुंगचॉंगमध्ये होंगसॉंग म्हणून भाग आहे. तिथल्या एका कॉलेजला निरोप आला की येमेनची १७५ मुले तुमच्याकडे पाठवत आहोत. सुटीत बंद पडलेले वसतिगृह घाईघाईने झाडले गेले, अंथरुणे घातली गेली, जेवण रांधले गेले. संध्याकाळ झाली, रात्र झाली, बस येईना. उशिरा केव्हातरी उलगडा झाला की येमेनचे पथक कोरियात आलेच नव्हते! यादीत होते, देशात नव्हते. मी हसलो, पुतणी हसली नाही. "काका, ती वाढपी माणसं म्हातारी होती हो," ती म्हणाली. "तिकडे आता म्हातारीच माणसं राहिलीत. कोणाची तरी मुलं येणार म्हणून किती हौसेनं केलं असेल."

इथे मला त्या मुलखाचे दुखणे कळले. कोरियाची निम्म्याहून अधिक वस्ती सेऊल आणि त्याच्या लगतच्या पट्ट्यात आहे, आणि तो पट्टा देशाच्या जमिनीच्या आठव्या हिश्श्याहूनही लहान. एका बाईमागे मुलांची सरासरी २०२३ मध्ये ०.७२ वर आली होती. २०२४ मध्ये ०.७५ झाली तर वर्तमानपत्रांनी आनंद केला. एक तर मुले जन्मत नाहीत आणि जी जन्मतात ती अठराव्या वर्षी सेऊलची गाडी पकडतात. बाहेरगावच्या विद्यापीठांत बाके रिकामी. तिकडे एक म्हण पडली आहे, की चेरीची फुले ज्या क्रमाने उमलत जातात त्या क्रमाने विद्यापीठे बंद पडतील. चेरी दक्षिणेकडून उत्तरेकडे फुलत जाते. जितके सेऊलपासून दूर, तितके आधी. असल्या मुलखाने जगभरच्या विद्यार्थ्यांना आवतण दिले आहे.

सेजोंग शहर तर याच दुखण्यावरचे औषध म्हणून वसवलेले. राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यून यांना राजधानीच इकडे आणायची होती. २००४ मध्ये घटनापीठाने ते रद्द ठरवले, तेव्हा निदान खाती तरी हलवू म्हणून २०१२ मध्ये हे शहर सुरू झाले. नाव त्या राजाचे, ज्याने पंधराव्या शतकात आपल्या लोकांना स्वतःची लिपी दिली. आम्ही गेलो तो ९ ऑक्टोबर, लिपीचाच सुटीचा दिवस. मंत्रालयाच्या इमारती एकमेकींना जोडलेल्या, वर लांबच लांब गच्ची-बाग. खाली रस्त्यांवर बाबागाड्या! साऱ्या देशात मुलांची सरासरी जिथे त्यातल्या त्यात बरी आहे, अशा मोजक्या जागांपैकी ही एक. सरकारी नोकरी, घर, पाळणाघर मिळाले की माणसे संसार मांडतात, यात नवल ते काय. पण सुरुवातीची बरीच वर्षे कर्मचारी सेऊलहून सरकारी बस भरून ये-जा करीत, हेही खरे. गावाला राजधानी म्हटल्याने बायकोची नोकरी आणि मुलांचे क्लास हलत नाहीत.

चुसॉकची पौर्णिमा होती ६ तारखेला, म्हणजे आपली कोजागरी. पुतणीच्या घरमालकीण आजीबाईंनी बोलावले होते. तांदळाच्या उकडीत तीळ आणि मध भरून, अर्धचंद्राचा आकार देऊन पाइनच्या पानांवर वाफवलेले सॉंगप्यॉन मी खाल्ले आणि आमच्या आईच्या हळदीच्या पानांवरच्या पातोळ्या आठवल्या. आजीबाईंचा मुलगा-सून सेऊलहून आले होते, एक नात होती. तिघेही दुसऱ्या दिवशी दुपारी परतणार होते. मी केशर-वेलदोडे घालून दूध आटवले. चंद्र ढगांत होता, अधूनमधून उजेड तेवढा दिसे. नातीला दूध आवडले, सुनेला वेलदोडा सोसला नाही. आजीबाई पुतणीच्या ताटात पुनःपुन्हा वाढत होत्या. पुतणीने भाषांतर करून सांगितले त्यावरून कळले, की २०२७ च्या ऑगस्टात गल्लीत परदेशी मुले आली तर त्यांना काय खायला द्यायचे याची त्यांनी तिच्याशी चर्चाही करून ठेवली आहे. कोण त्यांच्या गल्लीत येणार? खेळाडू आपले मैदान आणि मुक्काम सोडून कुठे जाणार? पण होंगसॉंगच्या वाढप्यांनाही हे कोणी सांगितले नव्हते.

शेवटच्या दिवशी आम्ही युसॉंगला गेलो. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, आणि भर शहरात फुकट पाय बुडवून बसायची सोय. दोन्ही बाजूंना म्हातारे, पँटी गुडघ्यांपर्यंत दुमडलेल्या. आमच्या वज्रेश्वरीला शोभेल असा निवांतपणा. पाय पाण्यात घातल्यावर माणूस मोकळे बोलतो. मी कामगिरी काढली. बाबा थकलाय, आई दाखवत नाही, पुण्यातही संस्था आहेत, वगैरे. वसुलीच्या भेटीत जे बोलायचे असते ते सगळे बोललो.

ती पाण्यात बोटे हलवत राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्ही आणि बाबा गाव सोडून पुण्याला आलात, तेव्हा आजोबांना काय सांगितलं होतं?"

मी उत्तर दिले नाही. आम्ही सांगितले होते, बदली मिळाली की येतो. मला गावाजवळच्या शाखेत बदली १९९१ मध्ये देऊ केली होती. मी ती नाकारली, आणि हे आमच्या वडिलांना कधीच कळले नाही. भावाला ठाऊक आहे.

"जूनमध्ये करार संपतोय," ती म्हणाली. "दोन महिने कसेही काढीन. बारा दिवस काम करीन आणि मग ठरवीन. आजीबाईंना शब्द दिलाय मी."

परतताना देजॉनच्या स्टेशनावर सेऊलकडे जाणाऱ्यांची झुंबड होती. फलाटावर म्हातारी माणसे, हातात डबे आणि पिशव्या, मुलांच्या नको-नकोला न जुमानता गाडीत सरकवताहेत. पुतणीने माझ्या हातात इथल्या प्रसिद्ध बेकरीचे खोके दिले. १९५६ साली एका निर्वासिताने चर्चकडून मिळालेल्या दोन पोती पिठावर स्टेशनाजवळ मांडलेले हे दुकान. आज मोठे झाले, पण देजॉनबाहेर एकही शाखा काढत नाही. लोक सेऊलहून पाव घ्यायला गाडीने येतात.

पुण्यात भाऊ विमानतळावर आला होता. खोके हातात घेत म्हणाला, "काय म्हणाली?"

"ऑगस्टनंतर बघू म्हणाली. सत्तावीसच्या."

त्याने मनातल्या मनात महिने मोजले. मग खोक्याचा वास घेतला आणि विचारले, "हे किती दिवस टिकतं?"